मोटारीची नाडीपरीक्षा

चौकात लाल दिवा लागतो, गाडी थांबते आणि आतापर्यंत सुरळीत चालणारे इंजिन एकाएकी थरथरू लागते. आसन हादरते, आरसा कापतो, सायलेन्सरमधून येणारा एकसंध आवाज मध्येच तुटतो. दिवा हिरवा होऊन गाडीने वेग घेतला की ही थरथर बहुधा नाहीशी होते आणि मालकही ती विसरतो. गॅरेजच्या भाषेत यास ‘गाडी मिसिंग करते’ असे म्हणतात. मग एका आठवड्यात नवे प्लग बसविले जातात, दुसऱ्या आठवड्यात नवी कॉइल, तिसऱ्यात पेट्रोलचा पंप. खर्च वाढत जातो, थरथर मात्र कायम राहते. याचे कारण एवढेच, की येथे चिकित्सा आधी होते आणि निदान मागाहून.

निकोलाउस ऑटो या जर्मन संशोधकाने १८७६ मध्ये चार धावांचे इंजिन सिद्ध केले. पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारींची इंजिने आजही मुख्यतः त्याच तत्त्वावर चालतात. पहिल्या धावेत हवा व पेट्रोल सिलिंडरमध्ये येतात, दुसऱ्या धावेत हे मिश्रण दाबले जाते, तिसऱ्या धावेत ते ठिणगीने पेटून दट्ट्यास खाली ढकलते आणि चौथ्या धावेत जळलेला वायू बाहेर पडतो. यासाठी तीन गोष्टी लागतात : योग्य मिश्रण, पुरेसा दाब आणि वेळेवर पडणारी सशक्त ठिणगी. मिश्रणात १ भाग पेट्रोलास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा असावी लागते. या तिहींपैकी एक जरी उणी पडली, तरी त्या सिलिंडरातील मिश्रण पेटत नाही.

उभ्या गाडीचे इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर चार सिलिंडर मिळून मिनिटात १६०० वेळा ज्वलन होते. त्यांतील एक सिलिंडर मुका झाला, तर ४०० ठोके गळतात. वेगात असताना जड चाकाची गती ही उणीव झाकते. मंद गतीत ती झाकली जात नाही. शिवाय त्या वेळी हवेची झडप जवळजवळ मिटलेली असल्याने आत जाणारी हवा अगदी थोडी असते, आणि थोड्या हवेत थोडीशी गळतीही मोठी ठरते.

निदानाचा पहिला प्रश्न असा, की दोष एका सिलिंडरचा आहे की सर्वांचा? सायलेन्सरपाशी उभे राहून आवाज ऐकावा. ठरावीक अंतराने एकच ठोका चुकत असेल, तर बहुधा एक सिलिंडर दोषी असतो. ठोके अनियमितपणे चुकत असतील, तर कारण सर्वांना समाईक असण्याचा संभव अधिक. आणि आवाज अगदी समतोल असूनही गाडी हादरत असेल, तर ज्वलनात दोष नसून इंजिनाखालील रबरी माउंटिंग तुटले असण्याची शक्यता असते.

दोषी सिलिंडर शोधण्याची रीत जुनी आहे. अॅम्बॅसिडर आणि पद्मिनी यांच्या काळात मिस्त्री प्लगची एकेक वायर काढून पाहत असे. वायर काढताच इंजिन अधिक अडखळले, तर तो सिलिंडर काम करीत होता. काहीच फरक पडला नाही, तर तोच मुका. आजच्या गाडीत ठिणगीची वायर न काढता इंजेक्टरची जोडणी काढून हीच परीक्षा करणे इष्ट. कारण ठिणगी बंद ठेवली तर न जळलेले पेट्रोल तसेच बाहेर जाते. नव्या गाड्यांत संगणकही खूण नोंदवितो : पी-०३०२ म्हणजे दुसरा सिलिंडर चुकतो. परंतु ही खूण ‘कोठे’ एवढेच सांगते, ‘का’ हे सांगत नाही.

‘का’ हे समजण्यासाठी नवा भाग विकत घेण्याची घाई नको. दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर बसवावी. दोष तिसऱ्यावर गेला, तर कॉइल दोषी. जागचा हलला नाही, तर तीच परीक्षा प्लगची करावी आणि मग इंजेक्टरची. तिन्ही निर्दोष ठरले, तर सिलिंडरमधील दाब मोजावा. एकाचाच दाब कमी भरला, तर त्यात थोडे तेल सोडून पुन्हा मोजावा : दाब वाढला तर दट्ट्याच्या रिंगा झिजल्या आहेत, न वाढला तर झडपा किंवा गॅस्केट यांत गळती आहे. शेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब एकदमच घसरला असेल, तर त्यांमधील गॅस्केट फाटल्याचा संशय घ्यावा.

दोष केव्हा प्रकट होतो, हेही तितकेच बोलके असते. केवळ उभ्या गाडीत थरथर आणि वेगात सर्व ठीक, तर हवेची गळती पाहावी. घाटात, भाराखाली गाडी अडखळते, तर ठिणगी दुर्बल आहे. कारण दाब वाढला की ठिणगीस अधिक विद्युद्दाब लागतो. पावसाळी हवेत दोष बळावला, तर वायरीचे आवरण तडकले असावे. सी.एन.जी.वर गाडी अडखळते आणि पेट्रोलवर नाही, तर प्रथम प्लग तपासावेत. या वायूस पेटण्यासाठी अधिक जोरकस ठिणगी लागते, म्हणून झिजलेला प्लग तेथे आधी उघडा पडतो. दीर्घकाळ उभी राहिलेली गाडी सर्वच सिलिंडरांत अडखळू लागली, तर टाकीत पाणी शिरले आहे काय, हे पाहावे. इथेनॉलमिश्रित पेट्रोल पाणी शोषून घेते.

ही थरथर केवळ गैरसोयीची बाब नव्हे. न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते. त्या उष्णतेने त्यातील जाळी वितळते आणि धुराचा मार्गच कोंडतो. दोनशे रुपयांच्या प्लगकडे केलेले दुर्लक्ष अशा रीतीने हजारोंच्या घरात जाते, आणि टॅक्सीवर संसार चालविणाऱ्याची तितक्या दिवसांची कमाईही बुडते. म्हणून इंजिनाचा दिवा लुकलुकू लागला, तर वेग त्वरित कमी करून सुरक्षित जागी थांबावे. हवेची गळती ब्रेकला साहाय्य करणाऱ्या नळीत असेल, तर धोका याहून गंभीर. ब्रेकचा पाय नेहमीपेक्षा कठीण लागू लागला आणि त्याच वेळी इंजिनही थरथरू लागले, तर ती गाडी दुरुस्तीपूर्वी रस्त्यावर आणू नये.

मिस्त्रीकडे जाताना मालकाने ‘प्लग बदला’ असे सांगू नये. दोष थंड इंजिनात येतो की तापल्यावर, उभ्या गाडीत की चढावर, पावसात की उन्हात, हे सांगावे. आणि भाग बदलल्यावर जुना भाग मागून घेऊन तो कोणत्या परीक्षेत दोषी ठरला, हे विचारावे. जाणता मिस्त्री या प्रश्नाने रागावत नाही. उत्तर त्याच्यापाशी तयार असते.