उमेदवारांचा जाहीर वाद आणि मतदाराचा निर्णय

उमेदवारांनी एका व्यासपीठावर येऊन वाद केल्याने मते बदलतात काय, या प्रश्नाची चर्चा बहुधा २६ सप्टेंबर १९६० रोजी अमेरिकेत दूरचित्रवाणीवर झालेल्या केनेडी-निक्सन वादापासून सुरू होते. परंतु असे वाद आवर्जून ऐकणारा मतदार मुळातच राजकारणात रस घेणारा असतो; त्यामुळे त्याचे मत वादामुळे बनले की पूर्वीच्या निष्ठेमुळे, याचा उलगडा अशा उदाहरणावरून होत नाही.

ही अडचण टाळणारा प्रयोग बिडवेल, केसी व ग्लेनरस्टर या संशोधकांनी पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओन येथे २०१२ च्या संसदीय निवडणुकीत केला. तेथे मतदाराची पक्षनिष्ठा बऱ्याच अंशी जमातीवरून ठरते. टेम्नेबहुल उत्तर एका प्रमुख पक्षाकडे, तर मेंडेबहुल दक्षिण दुसऱ्याकडे झुकते. १४ मतदारसंघांतील उमेदवारांच्या वादांचे चित्रण करून ते २२४ पैकी ११२ मतदान-केंद्रांच्या परिसरात लोकांना दाखविण्यात आले. ही केंद्रे चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे यदृच्छया निवडली असल्याने, दोन्ही गटांत आढळलेला फरक वादाचाच परिणाम मानता येतो.

वाद पाहिलेल्या मतदारांना उमेदवारांची धोरणे व प्रतिनिधीची कर्तव्ये अधिक चांगली उमगली. स्वतःच्या धोरणविषयक मतांशी जुळणाऱ्या उमेदवाराला मत देण्याकडे त्यांचा कल वाढला, आणि वादात सरस ठरलेल्या उमेदवाराच्या मतांचे शेकडा प्रमाण सुमारे ५ ने वाढले. उमेदवारांनीही अशा ठिकाणी प्रचारावर अधिक खर्च केला.

तथापि या निष्कर्षाला मर्यादा आहेत. मतांचे प्रमाण बदलणे म्हणजे निकाल बदलणे नव्हे. शिवाय १९५२ पासूनच्या, १० देशांतील ६२ निवडणुकांच्या एका अभ्यासात दूरचित्रवाणीवरील वादांचा मतनिर्णयावर परिणाम आढळला नाही. जेथे माहितीची अन्य साधने विपुल आहेत तेथे वाद नवे फारसे सांगत नाही, आणि जेथे ती दुर्मिळ आहेत तेथे त्याचे मोल वाढते, असा या विसंगतीचा अर्थ लावता येईल.

सिएरा लिओनमधील आणखी एक निष्पत्ती मात्र विशेष लक्षणीय होय. वादात भाग घेऊन निवडून आलेल्या प्रतिनिधींनी पुढे आपल्या मतदारसंघाच्या विकासावर, वाद न झालेल्या मतदारसंघांतील प्रतिनिधींपेक्षा सुमारे अडीचपट खर्च केल्याचे पडताळणीत आढळले. चारचौघांत दिलेला शब्द निवडणुकीनंतरही प्रतिनिधीला बांधून ठेवतो. तेव्हा वादाचे मूल्यमापन केवळ मतमोजणीच्या दिवशी संपविणे अपुरे ठरेल.