एका किल्लीवर विसंबू नये

द्राक्षबागेतली भुरी म्हणजे काय, हे नाशिक-सांगलीकडच्या माणसाला सांगावे लागत नाही. पानांवर पीठ भुरभुरल्यासारखी बुरशी दिसू लागते आणि बागाईतदाराची झोप उडते. तशीच भुरी हेम्पवरही पडते. हेम्प हे आपल्या भांगेचेच भावंड. त्यात नशा जवळजवळ नाही. धागा आणि बी मात्र मोठे उपयोगाचे. एके काळी जहाजांचे दोरखंड याच धाग्याचे वळत.

भावंडाच्या बदनामीची झळ हेम्पलाही लागली. अमेरिकेत त्याची शेती कायद्याच्या कचाट्यात अडकली, ती २०१८ साली मोकळी झाली. आता जे पीक इतकी वर्षे वाळीत टाकलेले, त्याचे रोगाला टिकणारे वाण कोण निवडत बसणार? म्हणूनच २०२१ साली तिथल्या संशोधकांना हेम्पमध्ये भुरीला थोपवणारे एक जनुक सापडले, ही बातमी मोलाची. त्याचे नाव ‘पीएम १’. आई किंवा बाप, कुणाही एकाकडून ते आले तरी रोपाला पुरते.

अशी जनुके बहुधा पहारेकऱ्याचे काम करतात. बुरशीची खूण पटली की हल्ला झालेली पेशी स्वतःच मरून जाते. भुरी जगते ती जिवंत पेशीवर. तिचा दाणापाणीच तुटतो.

पण पहारेकऱ्याला चकवताही येते. हॅरॉल्ड फ्लोर या शास्त्रज्ञाने नॉर्थ डकोटात १९४०च्या दशकात जवसाच्या तांबेऱ्यावर काम करून दाखवून दिले, की झाडातल्या प्रत्येक प्रतिकारक जनुकाला बुरशीत एक जोडीचे जनुक असते. बुरशीतले ते बदलले, की पहारेकऱ्याला चोर ओळखू येत नाही. गव्हाचे तेच झाले. ‘एसआर ३१’ या एका जनुकाने कित्येक देशांतला गहू वर्षानुवर्षे तांबेऱ्यापासून राखला. मग युगांडात त्याला न जुमानणारा तांबेरा निघाला. १९९९ सालावरून त्याचे नाव ‘यूजी ९९’ पडले.

माझी सारी नोकरी बँकेत गेली. आमच्या तिजोरीला दोन किल्ल्या. एक कॅशियरकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. एकट्याने ती कुणालाच उघडता येत नसे. यात कुणावर अविश्वास नव्हता, रीतच तशी होती. पैदासकारही आता हेच सांगतात : एका वाणात दोन-तीन निरनिराळी प्रतिकारक जनुके एकत्र आणा. बुरशीत ते सारे बदल एकदम घडून येणे फार अवघड.

मात्र दुसरी किल्ली बाजारात मिळत नाही. ती जुन्या, रानटी वाणांतच शोधावी लागते. हिमालयाच्या उतारांवर भांग आपोआप उगवते. तण म्हणून ती सरसकट उपटून टाकण्यापूर्वी तिचे थोडे बी जपून ठेवायला हवे. कुणी सांगावे, हवी असलेली किल्ली त्या मूठभर बियांतच असायची!