दोन इमारतींमधले तीन मीटर

झोपडी जाऊन पक्के घर मिळाले की प्रश्न सुटला, असे आपण गृहीत धरतो. मुंबईतील झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत १९९५ नंतर पात्र कुटुंबाला २२५ चौरस फुटांचे घर मोफत देण्याचे ठरले. पुढे ते २६९ आणि नंतर ३०० चौरस फूट झाले. चर्चा होते ती याच चौरस फुटांची. खिडकीसमोर किती जागा सोडली, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही.

गोवंडीचे नटवर पारेख कंपाउंड आणि मानखुर्दचे लल्लुभाई कंपाउंड या वसाहती रस्ते व रेल्वे प्रकल्पांत घरे गमावलेल्यांसाठी बांधल्या गेल्या. तेथे अनेक ठिकाणी दोन इमारतींमध्ये जेमतेम ३ मीटर अंतर आहे. एरवी उजेडासाठी इमारतीच्या उंचीच्या साधारण एक-तृतीयांश जागा मोकळी सोडावी, असे १९९१ ची नियमावली सांगत होती. पुनर्वसनाच्या इमारतींना यात सवलत मिळाली. या ‘सवलती’चा अर्थ आपण थोड्या भूमितीने समजून घेऊ.

मुंबई सुमारे १९ उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरला भरदुपारी सूर्य क्षितिजापासून ९० – १९ – २३.५ म्हणजे ४७.५ अंश उंचीवर असतो. समजा, २२ मीटर उंचीच्या दोन इमारती दक्षिणोत्तर समोरासमोर आहेत. मधले अंतर ३ मीटर असेल, तर ऊन मागच्या इमारतीच्या भिंतीवर वरून फक्त सव्वातीन मीटर उतरेल. म्हणजे फक्त सर्वांत वरच्या मजल्याला ऊन, बाकी सर्वांना सावली! जूनमध्ये सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो खरा, पण तेव्हा आकाशात ढग असतात.

थेट ऊन नसले तरी आकाशाचा उजेड असतो, असे कोणी म्हणेल. तळमजल्याच्या खिडकीतून वर पाहिले, तर दोन इमारतींमधून आकाशाची जी पट्टी दिसते, ती साधारण साडेआठ अंशांची असते. हात लांब करून धरलेली मूठ सुमारे दहा अंश झाकते. म्हणजे एवढे आकाश मुठीत मावते. मग दिवसाही दिवे लावावे लागतात आणि विजेचे बिल वाढते.

हवेचेही असेच होते. अरुंद फटीवरून वारा निघून जातो, आतली हवा फारशी हलत नाही. खोलीला एकाच बाजूने खिडकी असेल, तर आरपार वारा नाहीच. फटीत कचरा साचला की दुर्गंधीमुळे तीही खिडकी बंद राहते. सांडपाण्याचे पाइप याच फटीत असतात. ते गळले तर भिंत ओली होते आणि ऊन नसल्याने वाळत नाही. ओल काँक्रीटमधील सळईपर्यंत पोचली की ती गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो, त्यामुळे वरचे काँक्रीट फुटून निघते. म्हणजे बांधकामाचे आयुष्यही या तीन मीटरांनीच घटते.

सर्वांत गंभीर गोष्ट क्षयरोगाची. त्याचे जंतू खोकल्यातून हवेत पसरतात, बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात आणि उन्हात लवकर मरतात. आय.आय.टी. मुंबई आणि ‘डॉक्टर्स फॉर यू’ यांनी या भागातील तीन पुनर्वसन वसाहतींची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये पुढे आले. वरील दोन वसाहतींच्या मानाने पी.एम.जी.पी. वसाहतीत इमारती अधिक अंतरावर आहेत. तेथे क्षयरोगाचे प्रमाण बरेच कमी आढळले. कुपोषण, दाटी, अपुरे उपचार ही कारणेही असतातच. पण तिन्ही ठिकाणची कुटुंबे पुनर्वसितच असल्याने हा फरक दुर्लक्षण्याजोगा नाही.

हे सारे शाळेतही करून पाहता येईल. २२ डिसेंबरच्या सुमारास भरदुपारी अंगणात एक मीटरची काठी उभी करा. मुंबईत तिची सावली सुमारे ९२ सें.मी. भरेल, आपल्या गावी किती भरते ते मोजा. मग बुटांचे दोन खोके उन्हात समोरासमोर उभे करून, मागच्या खोक्याच्या तळाशी ऊन पोचेपर्यंत पुढचा खोका सरकवत न्या. २२ मीटरच्या इमारतीसाठी हे अंतर २० मीटर येईल.