नवा लॅपटॉप, जुना मॉनिटर : जोडणी कशी करावी?



लागण, खोडवा, पाचट, पाणी यांवर या पानांतून आपण नेहमीच बोलतो. यावेळी विषय जरा बाजूचा आहे, पण घराघरांतला आहे. किनवट गटात उसाच्या नोंदीसाठी येणारे सभासद अलीकडे एक प्रश्न हटकून विचारतात. मुलीला किंवा मुलाला शिक्षणासाठी नवा लॅपटॉप घेतला. घरात जुना संगणक होता, त्याचा डबा कधीच बंद पडला, पण मॉनिटर अजून धडधाकट आहे. तो लॅपटॉपला जोडावा म्हटलं तर वायर बसत नाही. दुकानदार म्हणतो, कनव्हर्टर घ्या. कनव्हर्टर आणला, तरी पडदा काळाच! मग मॉनिटर बिघडला असं समजून तो माळ्यावर टाकायचा, किंवा सहा-सात हजार घालून नवा आणायचा.

आमचं म्हणणं असं की, घाई करू नका. बहुतेक वेळा मॉनिटरही चांगला असतो आणि लॅपटॉपही. चुकलेला असतो तो मधला कनव्हर्टर. तो खराब असतो असं नाही, तो वेगळ्याच कामाचा असतो. काहीशे रुपयांची योग्य वस्तू मिळाली तर जुना पडदा पुढची कित्येक वर्षे कामाला येतो. आणि मोठ्या पडद्याचा उपयोग काय, असं कुणी म्हणू नये. ठिबकच्या अनुदानासाठी महाडीबीटीवर अर्ज भरताना एका पडद्यावर सातबारा आणि दुसऱ्यावर अर्ज ठेवला, तर गट नंबर आणि क्षेत्र टिपताना चूक होत नाही. अभ्यास करणाऱ्या पोरांची मान आणि डोळे वाचतात, हे आणखी.

आता मूळ अडचण समजून घेऊ. जुन्या मॉनिटरच्या मागे निळ्या रंगाचं, तीन ओळींत पंधरा भोकं किंवा पिना असलेलं, दोन बाजूंना स्क्रू असलेलं तोंड असतं. त्याला व्हीजीए म्हणतात. आयबीएम कंपनीने ते १९८७ साली आणलं. या वायरीतून चित्र विजेच्या कमी-जास्त दाबाच्या रूपात जातं. जुन्या वजनकाट्याची सुई जशी वजनाप्रमाणे थोडी-थोडी सरकते, तसंच. लाल, हिरवा, निळा या तीन रंगांना तीन वेगळ्या तारा. पुढे १९९९ साली डीव्हीआय आलं, २००२ च्या अखेरीस एचडीएमआय, २००६ साली डिस्प्लेपोर्ट आणि २०१४ साली यूएसबी-सी हे लहान, दोन्ही बाजूंनी बसणारं तोंड. या नव्या वायरींतून चित्र आकड्यांच्या रूपात जातं, आजच्या इलेक्ट्रॉनिक काट्यासारखं. डिसेंबर २०१० मध्ये इंटेल, एएमडी आणि काही मोठ्या संगणक व मॉनिटर कंपन्यांनी व्हीजीए टप्प्याटप्प्याने बंद करण्याचं जाहीर केलं. म्हणून तुमच्या नव्या लॅपटॉपला ते निळं तोंड नाही. यात तुमची फसवणूक झालेली नाही.

म्हणजे प्रश्न नुसता वायरीच्या आकाराचा नाही, भाषेचा आहे. शेतात तीन इंची पाइपाला अडीच इंची जोडायचा तर रिड्यूसर लावला की झालं, पाणी तेच असतं. इथे तसं चालत नाही. लॅपटॉप आकड्यांत बोलतो, मॉनिटरला दाबाची भाषा कळते. मधे दुभाषी लागतो. आपला भाग तेलंगणाला लागून आहे, आदिलाबादच्या बाजारात व्यवहार करताना दुभाष्याची किंमत आपल्याला कुणी सांगायला नको. समजा, दुभाष्याला मराठी समजते आणि तेलुगू बोलता येते, पण तेलुगू समजून मराठीत सांगता येत नाही. असा माणूस आपलं म्हणणं तिकडे पोचवील, तिकडचं इकडे आणणार नाही. कनव्हर्टर नेमका असाच असतो. विहिरीतल्या फूट व्हॉल्व्हसारखा तो एकाच दिशेने चालतो.

इथेच सर्वांत जास्त पैसे वाया जातात. बाजारात सारख्या दिसणाऱ्या दोन डब्या मिळतात. एक एचडीएमआयकडून व्हीजीएकडे नेणारी, म्हणजे नवा लॅपटॉप आणि जुना मॉनिटर यांच्यासाठी. दुसरी व्हीजीएकडून एचडीएमआयकडे नेणारी, म्हणजे जुना संगणक आणि नवा टीव्ही यांच्यासाठी. दुसरी आणून उलटी लावली तर काही बिघडत नाही, पण चित्रही येत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. आपल्याला हवी त्या डबीची एचडीएमआय बाजू लॅपटॉपमध्ये घुसणारी, म्हणजे मेल असते, आणि व्हीजीए बाजूला पंधरा भोकं, म्हणजे फिमेल असते. मॉनिटरची जुनी निळी वायर त्या भोकांत सरळ बसली पाहिजे. पाकिटावर काहीही छापलेलं असो, ही खूण पाहा. नुसती वायर, जिच्या एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्याला व्हीजीए आहे, पण मधे किंवा टोकाच्या प्लगमध्ये कसलंही सर्किट नाही, अशी स्वस्तात कुणी दिली तर घेऊ नका. दुभाष्याविना ती निरुपयोगी आहे.

या डबीला थोडी वीज लागते. ती ती लॅपटॉपच्या एचडीएमआयमधूनच ५ व्होल्टवर घेते. काही लॅपटॉप ती जेमतेमच देतात, मग चित्र येतं-जातं. अशा वेळी बाजूला लहान यूएसबी भोक असलेली डबी घ्यावी, म्हणजे वेगळी वीज देता येते.

आता यूएसबी-सीबद्दल. पातळ लॅपटॉपना कधी कधी एचडीएमआय नसतंच, दोन यूएसबी-सी भोकं असतात. भोक सारखं दिसलं तरी प्रत्येकातून चित्र जात नाही. काहींतून फक्त चार्जिंग होतं, काहींतून फायली जातात, काहींतून चित्रसुद्धा जातं. भोकाशेजारी डिस्प्लेपोर्टची, म्हणजे 'डी'च्या पोटात 'पी' असल्यासारखी खूण असेल किंवा थंडरबोल्टचा विजेचा बाण असेल, तर चित्र जाईल. साध्या बॅटरीची खूण ही चार्जिंगची, तिला बाण समजू नका. खूणच नसेल तर लॅपटॉपच्या खालच्या बाजूचा मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या माहितीपत्रकात पाहावं. तिथे डिस्प्लेपोर्ट किंवा 'अल्ट मोड' असा उल्लेख हवा. तो नसेल तर साधा यूएसबी-सी कनव्हर्टर कितीही भारी आणला तरी उपयोग नाही. चित्र साध्या यूएसबीतून पाठवणारे डिस्प्लेलिंक जातीचे कनव्हर्टर मिळतात, पण ते महाग असतात आणि त्यांना लॅपटॉपवर वेगळा प्रोग्राम घालावा लागतो. त्या किमतीत विचार करावा.

मॉनिटरला निळ्याबरोबर पांढरं, रुंद डीव्हीआय तोंडही असेल तर तुमचं नशीब चांगलं. डीव्हीआय आणि एचडीएमआय या दोन्हींतली आकड्यांची भाषा एकच आहे. तिथे साधी एचडीएमआय-डीव्हीआय वायर चालते, दुभाषी लागत नाही आणि अक्षरंही जास्त स्वच्छ दिसतात. म्हणून दुकानात जाण्याआधी मॉनिटरच्या मागचा आणि लॅपटॉपच्या दोन्ही बाजूंचा मोबाईलवर फोटो काढा. जमलं तर लॅपटॉप सोबत न्या आणि दुकानातल्या मॉनिटरवर चालवून पाहूनच पैसे द्या. एका डबीसाठी नांदेडचे दोन फेरे झाले तर डबीपेक्षा भाडं जास्त होतं.

जोडल्यावर मॉनिटर आपोआप लागला नाही तर विंडोजचं बटण दाबून धरून 'पी' दाबा. पर्याय दिसतात. 'डुप्लिकेट' म्हणजे दोन्हीकडे तेच चित्र, 'एक्स्टेंड' म्हणजे दोन वेगळे पडदे. सातबारा-अर्जाच्या कामाला 'एक्स्टेंड' घ्यावं. पडद्यावर 'आउट ऑफ रेंज' असं आलं तर घाबरू नका, लॅपटॉप मॉनिटरला झेपेल त्यापेक्षा मोठं चित्र पाठवतो आहे. चौकोनी १७ किंवा १९ इंची एलसीडीला बहुधा १२८० बाय १०२४ आणि ६० हर्ट्झ बसतं, १५ इंचीला १०२४ बाय ७६८. चित्र सरकलेलं किंवा अक्षरं धूसर असतील तर मॉनिटरवरचं 'ऑटो' बटण एकदा दाबावं. बऱ्याच जणांना ते बटण कशासाठी आहे हेच माहीत नसतं.

रंग बिघडला तर वायर पाहा. पांढरा कागद पिवळा दिसला तर निळ्याची तार तुटलेली आहे, आकाशी दिसला तर लाल, जांभळट-गुलाबी दिसला तर हिरवी. बहुतेक वेळा एखादी पिन वाकलेली असते. चिमट्याने हळूच सरळ करता येते, जोर मात्र लावू नये. स्क्रू आवळायला विसरू नका, अर्धवट बसलेल्या वायरीनेही असंच होतं. पडद्यावर आडव्या लाटा सरकत असतील तर लॅपटॉपचा चार्जर आणि मॉनिटर एकाच बोर्डवर, चांगल्या अर्थिंगवर लावून पाहावं. अर्थिंगच नसलेल्या घरांतून हा त्रास जास्त दिसतो, आणि ते दुरुस्त करणं मॉनिटरपेक्षाही गरजेचं आहे.

व्हीजीएतून आवाज जात नाही, तो लॅपटॉपचाच ऐकावा लागेल. पैसे भरून पाहायचे काही सिनेमे या वाटेने पडद्यावर काळे येतात. चोरीविरुद्धचं कुलूप व्हीजीएला कळत नाही म्हणून. अभ्यासाच्या चित्रफितींना सहसा ही अडचण येत नाही.

शेवटी मागे मोठं पोट असलेल्या काचेच्या मॉनिटरबद्दल. तोही याच डबीवर चालतो. चित्र लुकलुकत असेल आणि ७५ हर्ट्झचा पर्याय मिळत असेल तर तो घ्यावा. पण एवढी वीज खाणारा मॉनिटर रोजच्या वापराला ठेवावा असं आम्हाला वाटत नाही. तो काढायचाच ठरला तर मागचं झाकण मात्र कुणी उघडू नये. बटण बंद करून वायर काढल्यानंतरही आत हजारो व्होल्टचा साठा राहू शकतो. त्याच्या काचेत शिसं असतं, म्हणून तो फोडून तांबं काढणाऱ्याला किंवा उकिरड्यावर देऊ नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे असा माल नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच गेला पाहिजे. नवा मॉनिटर किंवा टीव्ही घेताना, जुना परत घेऊन तो पुढे रीतसर कुठे पाठवणार, हे दुकानदाराला आधीच विचारावं.