आधीं सेवा, मग यंत्र

नागपूरच्या रामदासपेठेंत एखाद्या गृहस्थाला नवा स्मार्टफोन घ्यावयाचा झाला, कीं तो प्रथम दुकानाची वाट धरतो. वास्तविक परीक्षेस आरंभ घरापासूनच व्हावयास हवा. बिनतारी लहरी काँक्रीटच्या भिंतींतून जातांना क्षीण होतात. म्हणून रस्त्यावर स्पष्ट ऐकूं येणारा आवाज आंतल्या खोलींत तुटूं शकतो. मध्यरात्रीं डॉक्टरांस बोलवावयाचें, तर आजोबांच्या उशाशीं फोन लागतो कीं नाहीं, हें आधीं पाहावें. निरनिराळ्या कंपन्यांची सेवा घेणाऱ्या आप्तांचे फोन तेथें लावून पाहिले, कीं उत्तर मिळतें.

दुसरा प्रश्न पैशांचा. २८ दिवसांची योजना महिन्याची भासते. पण वर्षांत ती १२ नव्हे, १३ वेळां भरावी लागते. शिवाय ज्याला केवळ बोलावयाचेंच आहे, त्यानें इंटरनेटचे पैसे कां मोजावे? दूरसंचार नियामक प्राधिकरणानें डिसेंबर २०२४ मध्यें केवळ संभाषण व संदेश यांची निराळी योजना ठेवणें कंपन्यांस बंधनकारक केलें. ती आवर्जून मागावी.

निवड चुकली, तरी ती कायमची नव्हे. २० जानेवारी २०११ पासून देशभर क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलतां येते. मात्र पहिल्या कंपनीकडे ९० दिवस पुरे व्हावे लागतात.

यंत्राचा विचार शेवटीं. अक्षरें मोठीं दिसतात का, बॅटरी दिवसभर टिकते का, सुरक्षिततेच्या सुधारणा किती वर्षें मिळणार, एवढें विचारावें. लहरीच पोंचत नसतील, तर महागडा फोनहि वेळेला मुकाच राहणार.