गाडीचे अ‍ॅव्हरेज, वारा आणि ब्रेक

आपल्या शिरूर आणि दौंड तालुक्यांतील रस्ते बहुतांशी सपाट आहेत. शिक्रापूर, रांजणगाव, शिरूर या मार्गाने जा किंवा यवत, पाटस, कुरकुंभ या मार्गाने जा, बोरघाटासारखा लांब घाट कोठे लागत नाही. (पाटसजवळचा रोटी घाट पालखीच्या वाटेवरचा म्हणून सर्वांना ठाऊक आहे, पण तो लहान.) त्यामुळे येथील वाहनमालकाला ब्रेकपेक्षा अ‍ॅव्हरेजची चिंता अधिक, आणि ते स्वाभाविक आहे. इंधनाचा खर्च रोज खिशातून जातो. परंतु अ‍ॅव्हरेज वाढविण्यासाठी केलेले काही उपाय थेट ब्रेकवर परिणाम करतात, हे फारसे कोणी सांगत नाही. म्हणून ही माहिती.

चालत्या गाडीला मुख्यतः दोन गोष्टी मागे ओढतात. एक टायरचे रस्त्याशी होणारे घर्षण व दुसरा वाऱ्याचा रोध. टायरचा रोध वेगाप्रमाणे फारसा बदलत नाही. वाऱ्याचा मात्र वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की रोध चौपट. माणसांसह १२०० किलो वजनाची साधी मोटार घेतली तर टायरचा रोध साधारण १४ किलो वजनाइतका भरतो. वाऱ्याचा रोध ताशी ४० किलोमीटरला ५ किलो, ८० ला २० किलो आणि १०० ला ३१ किलोच्या आसपास जातो. विद्यार्थ्यांनी हे आकडे वहीवर मांडून पाहावेत. शिरूरच्या बाजारपेठेतून हळूहळू जाणाऱ्या गाडीचा आकार कितीही निमुळता केला तरी काही उपयोग का नाही, हे आपोआप कळेल. महामार्गावर वाऱ्याचा रोध दहा टक्क्यांनी कमी झाला, तर लिटरला २० किलोमीटर देणारी गाडी फार तर एखादा किलोमीटर जास्त देईल. यापेक्षा मोठे आकडे सांगून कोणी वस्तू विकत असेल तर सावध राहावे.

गाडीचा हा रोध मोजतात तरी कसा? सपाट, सरळ चाचणी-रस्त्यावर गाडी ठराविक वेगाला नेऊन न्यूट्रलमध्ये सोडतात आणि वेग किती वेळात उतरतो ते नोंदवतात. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था वाहनांच्या चाचण्या करते. हा प्रयोग तेथील लोकांनी करावा, आपण सोलापूर रस्त्यावर नव्हे!

आता घरगुती उपायांकडे वळू. टपावरचे रिकामे कॅरिअर काढून ठेवणे, पिकअपवरची फडफडणारी ताडपत्री घट्ट बांधणे, टायरमध्ये योग्य हवा ठेवणे, या गोष्टींनी ब्रेकचे काही बिघडत नाही. त्या अवश्य कराव्यात. प्रश्न येतो तो चाकांवर बंद तबकड्या बसविणे, बंपरखाली पट्टी लावून वारा अडविणे, पुढची जाळी झाकणे आणि मागची चाके पत्र्याने बंदिस्त करणे यांचा. वारा अडतो हे खरे, पण तोच वारा डिस्क आणि ड्रम थंड करीत असतो. कंपन्याही असे आकार वापरतात. १९९९ च्या होंडा इनसाइट मोटारीची मागची चाके अर्धी झाकलेली होती. मात्र कंपनी ब्रेक तापवून चाचण्या घेते, गल्लीतील गॅरेजमध्ये त्या होत नाहीत. शिवाय मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने मर्यादा घातल्या आहेत.

ब्रेकचे काम म्हणजे गतीचे उष्णतेत रूपांतर करणे. वरील गाडी ताशी १०० वरून पूर्ण थांबविली तर सुमारे ४.६ लाख जूल उष्णता निर्माण होते. तीच गाडी खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना सुमारे ५०० मीटर खाली येते, म्हणजे सुमारे ५८ लाख जूल ऊर्जा कोठेतरी जिरवावी लागते. बारा-तेरा वेळा शंभरावरून थांबण्याइतके हे काम आहे. सपाटीवर वर्षभर न जाणवलेली उणीव येथे उघडी पडते.

वीसास एक या उतारावर गाडीला पुढे खेचणारे बल ६० किलो असते. ताशी ६० च्या वेगाला टायर १४ आणि वारा ११ किलो अडवितो. उरलेले ३५ किलो इंजिन आणि ब्रेक यांनी वाटून घ्यायचे. गाडी गुळगुळीत करून वाऱ्याचा रोध एक-पंचमांश कमी केला तर ब्रेकवर दोनच किलो वाढतात. ही वाढ क्षुल्लक म्हणता येईल. पण चालकाने न्यूट्रल केले, तर इंजिनचा वाटाही ब्रेकवर येतो. त्यात चाके झाकलेली असतील तर उष्णता बाहेर पडण्याचा मार्गही अरुंद!

इंजिनच बंद केले तर याहून वाईट. मोटारीत ब्रेकला मदत करणारी निर्वात शक्ती दोन-तीन दाबांत संपते आणि पेडल दगडासारखे होते. मालट्रकमध्ये हवेचा कॉम्प्रेसर थांबतो, त्यामुळे प्रत्येक दाबागणिक टाकीतील हवा घटते. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार अपघातांमुळे कुप्रसिद्ध झाला आहे. २० नोव्हेंबर २०२२ रोजी रात्री तेथे एका मालट्रकने अनेक वाहनांना धडक दिली. चालकाने उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडली होती, असे तेव्हा पोलिसांनी सांगितले. डिझेल किती वाचले असेल? फार तर काही रुपयांचे.

तापलेल्या ब्रेकची दोन लक्षणे ओळखावीत. पेडल घट्ट लागते पण गाडी आवरत नाही, तेव्हा लायनर तापून घर्षण कमी झालेले असते. पेडल मऊ पडून तळाला जात असेल तर ब्रेक ऑइल उकळले असण्याची शक्यता असते. हे ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट ३ प्रकारच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, पाणी मुरल्यावर तो १४० पर्यंत उतरू शकतो. जुने ऑइल दिसायला भरलेले असते, म्हणून कोणी बदलत नाही.

विजेवरच्या गाड्यांत उतारावरची बरीच ऊर्जा परत बॅटरीत जाते, त्यामुळे पॅड थंड राहतात. मात्र बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर तिच्यात जागाच नसते. लोणावळ्यात शंभर टक्के चार्ज करून लगेच घाट उतरणाऱ्या गाडीला सुरुवातीचे काही किलोमीटर साध्या ब्रेकवरच अधिक विसंबावे लागते.