सूत्रधार, फासे आणि शनिवारची बैठक

अयोध्या नगरातील आमच्या घरी शनिवारी रात्रीची जेवणे आटोपली की पुतण्या खोलीचे दार लावून घेई आणि आतून ‘फासा टाक’, ‘वीस पडले!’ असे उद्गार ऐकू येऊ लागत. फासा म्हटला की कौरवांची द्यूतसभाच डोळ्यांपुढे उभी राहते. हा जुगाराचाच एखादा नवा प्रकार असावा, असा ग्रह करून घेऊन आम्ही एका रात्री, काहीही न विचारता, इंटरनेटचे बटण बंद केले. मुलगा रागावला नाही. एवढेच म्हणाला, “काका, पुणे, इंदूर, बंगळूर आणि टोरांटो इथं चौघं जण माझी वाट पाहताहेत. मी शब्द दिला होता.” हे चौघे आमच्याच गल्लीत वाढलेले, पुढे नोकरी-शिक्षणासाठी पांगलेले त्याचे बालमित्र होत, हे आम्हांस त्या वेळी समजले. आमची चूक मान्य करून पुढच्या शनिवारी आम्ही परवानगी मागितली आणि त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो.

पाहिले ते असे. पाच जणांपैकी एक जण सूत्रधार. तो प्रसंगाचे वर्णन करतो : नदी दुथडी भरून वाहते आहे, पूल मोडला आहे, पलीकडच्या गावातून हाका येत आहेत. उरलेले चौघे आपापल्या पात्राच्या तोंडून बोलतात व काय करणार ते सांगतात. एक म्हणतो, मी दोर बांधून उतरतो. हे साधेल की नाही याची शंका असेल तेव्हाच वीस बाजूंचा फासा टाकायचा. पडलेल्या अंकात पात्राच्या अंगच्या कौशल्याचे गुण मिळवायचे आणि बेरीज सूत्रधाराने ठरविलेल्या अंकापर्यंत पोहोचली की पात्र पार झाले. मैत्रिणीने आधीच ‘मी दोर धरते’ म्हटले असेल, तर दोन फासे टाकून त्यांतला मोठा अंक घेता येतो. पणाला पैसा लागत नाही, आणि कोणी कोणाला हरवितही नाही. पार पडायचे ते सर्वांनी मिळून.

या प्रकारातला आद्य खेळ म्हणजे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी तो १९७४ साली प्रसिद्ध केला. पुढे गावोगावच्या खेळाडूंना एकत्र बसता यावे म्हणून १९८० मध्ये त्याची संघटना निघाली. २००८ मध्ये ‘पाथफाइंडर सोसायटी’ आणि २०१४ मध्ये ‘अ‍ॅडव्हेंचरर्स लीग’ असे उपक्रम आले. अशा संघटित खेळाची सोय अशी की नियम सर्वत्र सारखे असतात. आपल्या पात्राने काय मिळविले, काय गमावले याची नोंदवही ठेवली, की तेच पात्र घेऊन कोणत्याही मंडळात बसता येते. कथानकेही बहुधा एका बैठकीत, चारेक तासांत, संपणारी असतात. २०१२ साली निघालेल्या ‘रोल२०’सारख्या सोयींमुळे नकाशा आणि फासे संगणकाच्या पडद्यावर आले आणि घरबसल्या बैठक जमू लागली.

ज्यांना आरंभ करावयाचा आहे त्यांनी प्रथम एखाद्या बैठकीला नुसते श्रोते म्हणून बसावे. पुस्तके विकत घेण्याची घाई करू नये. मूळ नियम विनामूल्य मिळतात. पहिले पात्र साधे घ्यावे, मंत्रतंत्राचा पसारा मागाहून. चांगला सूत्रधार खेळापूर्वी सर्वांशी बोलून घेतो : कथा कोणत्या वळणाची, कोणते विषय नकोत, किती वेळ बसायचे. ज्या मंडळात हे बोलणे होत नाही तेथे न गेलेलेच बरे. काही सूत्रधार मानधन घेतात, ते आधीच विचारून घ्यावे. वेळेचा हिशेबही हवा. न्यूयॉर्कची रात्रीची आठची बैठक म्हणजे भोपाळात उन्हाळ्यात पहाटेचे साडेपाच आणि हिवाळ्यात साडेसहा.

पालकांसाठी दोन शब्द. ही मंडळे ज्या ‘डिस्कॉर्ड’वर भरतात, तेथे प्रवेशासाठी किमान तेरा वर्षे वय लागते. अनोळखी मंडळींत मुलांनी खरे नाव, घरचा पत्ता वा शाळा सांगू नये आणि वडीलधाऱ्यांनी आरंभी जवळपास असावे. मात्र देखरेख वेगळी आणि संशय वेगळा. १९८०च्या दशकात अमेरिकेतही कित्येक पालकांनी या खेळावर जादूटोण्याचा आळ घेतला होता. त्यांनी आधी शेजारी बसून ऐकले असते, तर तो आळ त्यांनी घेतला असता का, असे आता आमच्या मनात येते.

आमच्या मनाला लागली ती मात्र वेगळीच गोष्ट. हे पाचही जण शाळेत हिंदी-इंग्रजीत शिकलेले. घराबाहेर मराठी बोलण्याचा प्रसंग त्यांना क्वचितच येतो. पण म्हातारा नावाडी, हट्टी पाटलीण, गावचा वैद्य ही पात्रे बोलू लागली की ती मराठीतच बोलतात. एखादा शब्द अडला की पुतण्या आमच्याकडे पाहतो. खेळाच्या नियमांचा गाभा जानेवारी २०२३ मध्ये खुल्या परवान्याखाली आला आहे. मूळ श्रेय नमूद करून त्याचे मराठी भाषांतर कोणालाही करता येते. आपल्या समाजातील तरुणांनी हे काम अंगावर घ्यावे, असे आम्ही सुचवितो. शब्द पुरविण्यास घरोघरी माणसे आहेत.

आता शनिवारी आमच्याकडे जेवणे अर्धा तास लवकर होतात, आणि खोलीचे दार उघडे असते.